एकशे सतरावी स्लाइड

दोन हजार आठच्या सप्टेंबरात, न्युरेम्बर्गमधल्या एका चर्चच्या सभागृहात, मी एका म्हाताऱ्या माणसाचं एक वाक्य गिळून टाकलं. ते त्यांनी मोठ्याने उच्चारलं होतं. सभागृह भरलेलं होतं. तरीही ज्या एका व्यक्तीसाठी ते होतं तिच्यापर्यंत ते पोचलं नाही, आणि हे सगळ्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. इथल्या एका कंपनीत गोदामांचं सॉफ्टवेअर लिहायचो, अजूनही तेच करतो. आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक स्लोव्हाक बाई आहेत, शहरातल्या चेक आणि स्लोव्हाक लोकांच्या मंडळाच्या चिटणीस. घरी आम्ही त्यांचा उल्लेख चिटणीसबाई असाच करतो. त्यांचा देश फुटून दोन झाले, पण इथलं मंडळ मात्र एकच राहिलं. 'घटस्फोट सरकारांनी घेतला, आमची भांडी अजून एकाच कपाटात आहेत,' असं त्या म्हणतात. हे मंडळ वर्षभर काही ना काही करत असतं: कधी सिनेमा, कधी मुलांसाठी कठपुतळ्यांचा खेळ, कधी जुन्या फोटोंचं प्रदर्शन, कधी इतिहासावर व्याख्यान. कुणीही यावं, बसावं, शेवटी खसखशीचं सारण भरलेला गोल पाव खावा आणि जावं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडून हाकलले गेलेले म्हातारे जर्मनही येतात. ते मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसतात आणि वक्ता एखाद्या गावाबद्दल काही चुकीचं बोलला की तिथूनच दुरुस्त करतात.

चिटणीसबाई एकदा आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला आल्या होत्या. त्या वर्षी आम्ही एक छोटं प्रहसन बसवलं होतं आणि जर्मन पाहुण्यांना कळावं म्हणून मी संवादांचं जर्मन भाषांतर स्लाइड्सवर टाकून पडद्यावर दाखवत होतो. नट बोलला की मी स्पेसबार दाबायचो, पुढची ओळ यायची. बाईंनी मोदक खाता खाता ते बघून ठेवलं.

सोमवारी कॅन्टीनमध्ये त्यांनी मला गाठलंच. "तर मग, हे तुम्ही आमच्यासाठीही करणार आहात."

"पण मला चेक येत नाही. स्लोव्हाकही नाही."

"फार उत्तम. येत असतं तर तुम्ही ऐकत बसला असता. बटण दाबायला कान लागतात, भाषा लागत नाही."

प्रागमध्ये रशियन रणगाडे शिरले त्याला चाळीस वर्षं होत होती. तेव्हा पळून आलेल्या मंडळातल्या चार म्हाताऱ्यांनी आपापली हकीकत रंगमंचावर बसून वाचायची, आपल्या भाषेत, असा कार्यक्रम होता. मागे त्यांचे जुने फोटो, वर जर्मन ओळी. भाषांतर चिटणीसबाई करणार आणि ते पडद्यावर बसेल इतकं मी छाटणार. ही छाटणी सोपी नसते. एका वेळी दोन ओळी, एका ओळीत जास्तीत जास्त अडतीस अक्षरं. माणूस बोलून पुढे जाण्याआधी वाचणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे. बाईंनी नियम घालून दिला होता: जे गेलं तरी गोष्ट तीच राहते ते काढायचं. छाटलेली फाइल मी त्यांना पाठवायची, त्यांनी तपासून परत द्यायची.

त्या चौघांतले तिसरे गृहस्थ म्हणजे ज्यांच्याबद्दल मी लिहितोय ते. वय चौसष्ट, प्ल्झेनजवळच्या एका गावातले. इथे एका कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचो. ते मला इंजिनिअरसाहेब म्हणत. त्यांच्याकडे माणसाला त्याच्या पदवीने हाक मारायची रीत आहे आणि चाळीस वर्षं जर्मनीत राहूनही ती त्यांनी सोडली नव्हती. त्यांची जर्मन बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. मुलगी शेजारच्याच फ्युर्थला राहायची, पंचविशीची, लग्न झालेली. तिला चेक अजिबात येत नव्हतं. घरात सगळे जर्मनच बोलायचे, शिकवायचं राहूनच गेलं, असं ते म्हणाले तेव्हा मी मान खाली घातली. माझी मुलगीही मी मराठीत विचारलेल्याचं उत्तर जर्मनमध्ये देते.

तालमीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"इंजिनिअरसाहेब, माझी मुलगी तिसऱ्या रांगेत बसेल. तिला सगळं नीट वाचता आलं पाहिजे. विशेषतः शेवटचं पान."

"येईल की. अक्षर मोठं ठेवतो."

"अक्षराचं नाही म्हणत मी," ते म्हणाले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

शेवटचं पान मी त्या आठवड्यात वाचलं. जर्मनमध्ये, बाईंच्या भाषांतरात. काका चोवीस वर्षांचे असताना पळाले. आई आणि धाकटा भाऊ मागे राहिले. काकांच्या पळून जाण्याची शिक्षा भावाला झाली. त्याची नोकरी गेली, पुढे त्याच्या मुलांना कॉलेजात घेईनात. वीस वर्षं आईची फक्त पत्रं. मुलीने लहानपणापासून हेच ऐकलं होतं: सीमा बंद होती, म्हणून आजी भेटली नाही. हे सगळं छान बसत होतं. मग एकशे सतरावी स्लाइड आली. तिच्यावर असं होतं:

सीमा उघडली. आई त्यानंतर साडेतीन महिने जगली. माझ्या घरापासून तिचं घर गाडीने तीन तासांवर होतं. पहिल्याच नाताळात मंडळातली निम्मी माणसं जाऊन आली. मी भावासमोर उभा राहायला घाबरलो. ईस्टरला जाऊ म्हणालो. ईस्टरच्या आधी ती गेली. मला जाता आलं असतं. मी गेलो नाही.

मी लॅपटॉप मिटला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

आता माझं सांगायला हवं. याच्या तीन वर्षं आधी, एका बुधवारी, साताऱ्याहून माझ्या धाकट्या भावाचा आमच्या वडिलांबद्दल फोन आला. "दादा, नानांचं काही खरं नाही. तू आता ये." गुरुवारी संध्याकाळी फ्रँकफर्टहून मुंबईला जाणाऱ्या विमानात जागा होती. मी स्क्रीनवर पाहिली होती. शनिवारी आमची एका गिऱ्हाइकाकडे नवी सिस्टिम सुरू व्हायची होती, पण माझा साहेब स्वतः म्हणाला होता, तुम्ही जा, आम्ही बघतो. म्हणजे तेही कारण नव्हतं. मला नानांना नळ्या लावलेलं बघायचं नव्हतं. आपण पोचलो की मग सगळे आपल्याकडे बघणार, काय करायचं ते विचारणार, याची धास्ती वाटत होती. मी रविवारचं तिकीट काढलं. नाना शनिवारी सकाळी गेले. घरी मी सांगितलं, आधीच्या सगळ्या फ्लाइट फुल्ल होत्या. तेव्हापासून आई दर रविवारी फोनवर माझी समजूत घालते, "तिकीटच मिळालं नाही, तू तरी काय करणार रे."

तिच्या या वाक्याला मी "हो ना" म्हणतो.

त्या आठवड्यात मी एकशे सतरावी स्लाइड छाटून चार स्लाइड्समध्ये नीट बसवली, चिटणीसबाईंना पाठवली, त्यांनी ती मान्य करून परत दिली. इथवर मी काही चुकीचं केलं नव्हतं. कार्यक्रम रविवारी दुपारी होता. शनिवारी दुपारी शेवटची चाचणी म्हणून मी एकटाच घरी सगळ्या स्लाइड्स एकामागून एक बघत होतो. तिथे आलो आणि मला पुढे जाववेना. मी स्वतःला समजावलं, चार स्लाइड्स फार होतात. काका इथे भरभर बोलतात, मागे राहायला होईल. मग म्हटलं, बिचाऱ्याने म्हातारपणी दीडशे माणसांसमोर स्वतःचे धिंडवडे का काढून घ्यावेत? पोरीला काय वाटेल? आमच्या घरात वाईट बातमी अशी तोंडावर कधी फेकत नाहीत. आजोबा गेले तेव्हा आत्याला 'जरा सीरियस आहेत, निघ' एवढंच सांगितलं होतं. माणसाला त्रास नको म्हणून अर्धं सांगायचं, हे मला चांगुलपणाच वाटत आलंय. मी त्या चार स्लाइड्स काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी एक लिहिली:

सीमा उघडली.
पण तोवर उशीर झाला होता.

अडतीस अक्षरांत आरामात बसली.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. सभागृहाच्या बाहेरच्या भिंतीवर फोटो लावले होते: पत्र्याच्या सुटकेसी, छावणीतली पोरं, एका दुचाकीवर चौघं. मी मागे टेबलावर लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि आकडे घातलेली चेक संहिता घेऊन बसलो. भाषा येत नसल्यामुळे मी खुणा पाठ केल्या होत्या. कोण कुठे श्वास घेतो, कोण कुठे पान उलटतो. काकांची शेवटची खूण सोपी होती. ते चष्मा काढून खिशात ठेवत.

पहिल्या दोघी बायका झाल्या. मग काका. अजून वेळ होता. जुनी फाइल त्याच लॅपटॉपवर होती. मधल्या एका लांब वाक्याच्या वेळी मी तिच्यावर माउसचा बाणही नेऊन ठेवला. पण तेवढ्यात काकांनी पान उलटलं आणि मला स्पेसबार दाबावा लागला. मग पुढचा. मग त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आता ते वाचत नव्हते. कागद मांडीवर होता. ते सावकाश, एकेक वाक्य तोडून बोलले. चेक कळणारी माणसं खाली बघू लागली. एका बाईने तोंडावर हात ठेवला. आणि ज्यांना चेक कळत नव्हतं ते सगळे वर बघत होते, जिथे उशीर झाला होता असं लिहिलेलं होतं, आणि हळहळत होते.

तेव्हा मला लख्ख कळलं की मी पकडला जाणार नाही. ज्यांना भाषा कळते ते पडद्याकडे बघत नाहीत. जे पडद्याकडे बघतात त्यांना भाषा कळत नाही. आणि रंगमंचावर बसलेल्या चौघांची पाठ पडद्याकडे होती, कडेला उभ्या चिटणीसबाईंचीही.

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळण्यात वेळ काढत होतो. काकांची मुलगी गर्दीतून त्यांच्याकडे गेली आणि तिने त्यांना मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. "माझा बिचारा पापा," असं ती म्हणताना मी ऐकलं. काका रडत होते. जरा वेळाने ते माझ्या टेबलापाशी आले, हातात तो खसखशीचा पाव, जो त्यांनी बहुधा माझ्यासाठी आणला होता आणि द्यायला विसरले.

"तिने वाचलं, इंजिनिअरसाहेब," ते म्हणाले. "सगळं वाचलं. आणि तरीसुद्धा."

मी म्हणालो, "जा."

जर्मनमध्ये 'हो' म्हणायला इतका छोटा शब्द आहे की तो तोंडातून निघून गेल्यावर कळतं.

पुढचे पाच आठवडे मी नीट जेवलो नाही. काकांनी मला भेट म्हणून काकडीच्या लोणच्याच्या चार बरण्या आणून दिल्या. आमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय असं चिटणीसबाईंकडून कळल्यावर येऊन ते दुरुस्त करून गेले. स्टुलावर उभं राहून घड्याळ लावताना म्हणाले, अठरा वर्षांत पहिल्यांदा सलग झोप लागते. मुलगी आता दर बुधवारी जेवायला येते. माझी बायको त्यांना पोहे देत होती आणि ते प्रत्येक घासाला तिचं कौतुक करत होते. ते गेल्यावर ती म्हणाली, "किती गोड माणूस आहे रे! आणि तू असा काय बसला होतास, ते उधारी मागायला आल्यासारखा?"

मग एका दिवशी कॅन्टीनमध्ये चिटणीसबाईंनी आनंदाने बातमी दिली. रेगेन्सबुर्गच्या लोकांनी कार्यक्रम बोलावलाय, नोव्हेंबरात. तिथे स्लाइड्स चालवायला दोन्ही भाषा येणारा विद्यार्थी आहे, मला त्रास नको. शेवटची फाइल तेवढी पाठवा. आणि हो, काकांची मुलगी नवऱ्याला घेऊन पुन्हा येणार आहे, त्याला पहिल्या वेळी जमलं नव्हतं.

मी म्हणालो, पाठवतो.

त्या संध्याकाळी मी दोन्ही फाइल्स समोर उघडून बसलो. नवी पाठवली तर तो विद्यार्थी पहिल्याच चाचणीत म्हणणार, हे इथे वेगळंच लिहिलंय. जुनी पाठवली तर मुलगी अनोळखी गावात, नवऱ्याशेजारी बसून, परक्या माणसांच्या गर्दीत ते वाचणार. आणि रंगमंचावरचा बाप समजणार की ही तर हे आधीच वाचून आपल्याला माफ करून बसली आहे. कुठूनही बघितलं तरी मी दोघांना खड्ड्यात ढकलत होतो. शेवटी बायकोला सांगितलं. स्लाइडचं सांगितलं, नानांच्या तिकिटाचंही. ती कपड्यांच्या घड्या करत होती, त्या करायची थांबली.

"गुरुवारचं होतं?"

"होतं."

"मला पण तू फुल्ल म्हणालास."

"हो."

मग ती म्हणाली, "त्यांना जाऊन सांग. आधी त्यांना. माझं नंतर बघू." आणि उठून आत गेली. पुढे दोन दिवस ती माझ्याशी फक्त भाजी आणि दुधाबद्दल बोलली.

काकांची गावाबाहेर एक श्रेबरगार्टन होती. शहरातल्या लोकांना भाड्याने मिळतो तो बागेचा तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं, दोन सफरचंदांची झाडं. शनिवारी मी तिकडे गेलो. ते शिडीवर होते.

"या, इंजिनिअरसाहेब! धरा पिशवी. पडलेली उचलू नका, ती अळ्यांची."

मी पिशवी धरली. ते वरून सफरचंदं देत होते, मी घेत होतो. तयार करून नेलेली जर्मन वाक्यं एकेक करून गळून गेली. शेवटी मी म्हणालो, "तुमच्या मुलीने ते वाचलेलं नाही."

"काय?"

"शेवटचं. तुम्ही गेला नाहीत ते. मी ते काढून टाकलं होतं. उशीर झाला होता, असं लिहिलं."

ते शिडीवरच थांबले. हातात एक सफरचंद होतं. मग सावकाश खाली उतरले, पायरी पायरी चाचपत, आणि खोपट्याच्या पायरीवर बसले.

"जागा पुरत नव्हती?"

इथे मला अजून एक खोटं बोलण्याची आयती संधी होती. हो म्हणालो असतो तर त्यांनी ते मानलं असतं. "जागा होती," मी म्हणालो.

"मग?"

मी नानांचं सांगितलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. बुधवारचा फोन, गुरुवारची जागा, रविवारचं तिकीट. ते ऐकत होते आणि हातातलं सफरचंद शर्टाला पुसत होते. ते पुसून कधीच चकचकीत झालं होतं.

"म्हणजे तुम्ही स्वतःचं खोडलंत," ते म्हणाले. "माझ्या तोंडातून."

"माफ करा."

"गप्प बसा जरा."

शेजारच्या बागेत कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते बंद झाल्यावर काका म्हणाले, "पाच आठवडे. मला पाच आठवडे वाटत होतं की ती सगळं जाणून माझ्याकडे बुधवारी येते." आवाजात राग होता. "जुनी फाइल आहे?"

"आहे."

"बुधवारी ती जेवायला येते. या वेळी मीच जाईन तिच्याकडे. तुम्ही मला घेऊन जाल. आणि ती लॅपटॉपची पेटी घेऊन या."

"तुम्ही सरळ सांगा ना तिला, जर्मनमध्ये. माझं काय काम?"

"जर्मनमध्ये मला अठरा वर्षं खोटं बोलायची सवय आहे," ते म्हणाले. "जर्मनमध्ये मी सुरुवात केली की माझं मलाच कळत नाही कुठे वळलो ते. मी माझ्या भाषेत बोलणार. तुम्ही बटण दाबा. या वेळी सगळी."

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी त्यांना गाडीत घेऊन फ्युर्थला गेलो. वाटेत ते एकदाच बोलले, सिग्नल हिरवा झालाय हे सांगायला. त्यांच्या मुलीने दार उघडलं तेव्हा तिला वाटलं, मी त्यांना सोडायला आलेला टॅक्सीवाला आहे. मग तिने ओळखलं. "अरे, पडद्याचे गृहस्थ!" नवरा कामावरून यायचा होता. स्वयंपाकघरात टेबलावर तीनच ताटल्या होत्या. तिने माझ्यासाठी चौथी काढायला घेतली, तर काका म्हणाले, नको, हे जेवणार नाहीत.

मी ताटल्या सरकवून लॅपटॉप ठेवला. स्क्रीन तिच्याकडे वळवला. मला कडेने दिसेल असा बसलो.

"हे काय आहे, पापा? पुन्हा?"

"तिथे चूक झाली होती," काका म्हणाले. मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "फक्त शेवट."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. कागद नव्हता. त्यांनी सुरुवात केली आणि मी बटण दाबलं. सभागृहात ते जितके सावकाश बोलले होते त्याहून सावकाश बोलले. मध्येच थांबले. मी थांबलो. त्यांच्या ओठांकडे बघून मी ठरवत होतो, आता दाबू का. साडेतीन महिने. तीन तास. ईस्टर. शेवटच्या स्लाइडवर दोनच छोटी वाक्यं होती. ती आली तोवर त्यांचं बोलून झालं होतं. मला एका श्वासाचा उशीर झाला.

गॅसवर सूप उकळत होतं. ती उठली, गॅस बंद केला, परत येऊन बसली.

"मी किती वर्षांची होते?" तिने विचारलं. जर्मनमध्ये, अर्थात.

"सहा," काका जर्मनमध्ये म्हणाले.

"सहा वर्षांच्या मुलीला गाडीत मागे बसवून नेता येतं, पापा."

"हो."

"आजीला मला बघायचं होतं?"

काकांनी मान हलवली. ती हो अशी होती. स्क्रीनवर ती दोन वाक्यं तशीच होती. ती काढावीत की राहू द्यावीत हे मला कळेना. मी हात मांडीवर ठेवून बसलो. थोड्या वेळाने तिने स्वतः लॅपटॉप मिटला, फार जोरात नाही, आणि माझ्याकडे सरकवला.

"आज तुम्ही जा," ती आम्हा दोघांना म्हणाली. "मला राग आलाय. तो किती आहे हे मला अजून माहीत नाही."

गाडीत काका सीटबेल्ट लावू शकेनात. मी लावून दिला. त्यांच्या घरासमोर थांबलो तेव्हा म्हणाले, "पुढच्या बुधवारी ती येईल असं वाटतं तुम्हाला?" मी म्हणालो, मला माहीत नाही. "तुम्ही निदान आता खोटं बोलत नाही," असं म्हणून ते उतरले. दार लावून घेतलं आणि मग पुन्हा उघडलं. "रेगेन्सबुर्गला जुनी फाइल पाठवा."

ती पुढच्या बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रेगेन्सबुर्गच्या कार्यक्रमालाही ती नव्हती. मी मागे उभा राहून बघत होतो. त्या विद्यार्थ्याने चारही स्लाइड्स वेळेवर दाखवल्या. मागच्या रांगेतला एक म्हातारा जर्मन उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. काकांनी या वेळी तिसऱ्या रांगेकडे बघितलं नाही. ख्रिसमसच्या आधी चिटणीसबाईंनी सांगितलं, मुलगी आता येते, पण बुधवारी नाही, कधीही येते, आणि फार वेळ बसत नाही. येत्या ईस्टरला दोघं गाडीने गावी जाणार आहेत, असंही त्या म्हणाल्या. भाऊ अजून आहे. त्याने पत्राचं उत्तर दिलंय, तीन ओळींचं.

मला त्यांनी पुन्हा लोणचं दिलं नाही. घड्याळ मात्र अजून चालतं.

या सगळ्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी मी आईला फोन करतो. पंचवीस-तीस वेळा तरी मी ठरवलं की आज सांगायचं. ती नेहमीचं वाक्य म्हणते आणि माझ्या तोंडून "हो ना" निघून जातं. फोनवर मलाही बहुधा खोट्याचीच सवय झाली आहे. म्हणून हे लिहून पाठवतोय. भाऊ दरवर्षी आईला दोन-तीन दिवाळी अंक आणून देतो. ती भिंग घेऊन, एकेक पान, सगळे वाचून काढते, आणि माझं काही छापून आलं असेल तर ते सगळ्यात आधी. हे तिला वाचता येईल. मध्ये कुणी छाटणारं नाही.

आई, जागा होती. गुरुवारची, फ्रँकफर्टहून, संध्याकाळची. मी ती बघितली होती. मला येता आलं असतं. मी आलो नाही.